अर्थिंगची चादर पिनला लावण्याआधी बोर्ड उघडून बघा

मोबाईलवर सध्या 'अर्थिंग'च्या चादरींच्या जाहिराती येतात. चादरीची वायर तीन पिनच्या सॉकेटमधल्या अर्थच्या भोकात घालायची आणि रात्रभर तिच्यावर झोपायचं. झोप सुधारते, सूज आणि दुखणं कमी होतं, असा दावा. अमेरिकेत केबल टीव्हीच्या धंद्यात असलेले क्लिंट ओबर यांनी ही कल्पना गाजवली, त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. यावरचे अभ्यास मात्र मोजक्या माणसांवर झालेत, आणि काही संशोधकांचे या वस्तू विकणाऱ्या कंपनीशीच संबंध आहेत.

दिवसभर वाफ्यात अनवाणी उभ्या राहणाऱ्याला जमिनीशी जोडायला चादर कशाला, हा प्रश्न आहेच. पण खरी काळजी सॉकेटची आहे.

गावाकडे बऱ्याच घरांत ते भोक नावालाच असतं, आत वायरच नसते. घातक प्रकार दुसरा. खड्डा खणायचा खर्च नको म्हणून न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. एरवी काही कळत नाही. वादळात पोलावरून घरात येणारा न्यूट्रल तुटला, की चालू ठेवलेल्या बल्ब-पंख्यातून फेज न्यूट्रलवर येतो, तिथून अर्थच्या पिनला आणि पिनमधून चादरीला. बल्ब विझलेला, माणसाला वाटतं लाईट गेली. तो उठून ओल्या फरशीवर पाय टेकतो.

घामेजल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट जातो. धोका ३० पासूनच मानतात. काही चादरींच्या वायरीत एक लाख ओहमचा रेझिस्टर असतो, तो असेल तर करंट अडीच मिलिअँपिअरच्या आत राहतो, झिणझिण्या येतील एवढंच. स्वस्त मालात तो आहे का, हे बाहेरून दिसत नाही.

वायरमनने टेस्ट लॅम्प लावून 'अर्थिंग आहे' म्हटलं तरी त्यावर जाऊ नका. न्यूट्रल जोडलेला असला तरी बल्ब पेटतोच. मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि हिरवी वायर कुठे जाते ते बघा. ती घराबाहेर कोळसा-मिठाच्या खड्ड्यातल्या पाईपपर्यंत गेली पाहिजे. उन्हाळ्यात खड्डा सुकतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं.

अजून एक खूण. बोर्डात असा तुकडा जोडलेल्या घरात आरसीसीबी बसवली की, अर्थची वायर कुठेतरी जमिनीशी जोडलेली असेल तर, ती सारखी पडू शकते. मग कटकट नको म्हणून लोक तुकडा शोधायचं सोडून आरसीसीबीच काढून टाकतात.