रक्षकांवर अंकुश कोणाचा?

2020 च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीने घराघरांत भय भरले, तेव्हा एक शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात जेवढा रुळला, तेवढा तो पूर्वी कधी रुळला नव्हता. तो शब्द म्हणजे ‘प्रतिकारशक्ती’. घरोघर काढे उकळले गेले, औषधांच्या दुकानांतून जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या, आणि च्यवनप्राशापासून हळदीच्या दुधापर्यंत अनेक वस्तूंच्या वेष्टनांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र झळकू लागला. या मंत्रामागे एक गृहीतक होते. शरीराची रक्षणयंत्रणा ही तिजोरीतल्या धनासारखी असते. ती जितकी अधिक तितकी बरी, असे ते गृहीतक. परंतु त्याच वर्षीच्या जून महिन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाने केलेल्या चाचणीतून जे निष्पन्न झाले, ते या समजुतीला धक्का देणारे होते. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारे औषध हाती लागले. त्याचे नाव डेक्सामेथासोन. हे औषध प्रतिकारशक्ती वाढविणारे नव्हे, तिला दडपणारे आहे.

याचा अर्थ स्पष्ट होता. अत्यवस्थ रुग्णांच्या फुप्फुसांची हानी केवळ विषाणू करीत नव्हता. शत्रूवर चाल करून गेलेले स्वतःचेच सैन्य बेभान होऊन घर पेटवीत होते. तेव्हा प्रश्न सैन्य किती मोठे आहे एवढाच नसून त्याला आवरणारा कोण आहे, हाही आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळाले, ते याच शोधाच्या एका निर्णायक टप्प्यासाठी.

काटा आणि भय

या शास्त्राच्या आरंभकाळी सर्वांचे लक्ष आक्रमणाकडे होते, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. 1882 साली इटलीतील मेसिना येथे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा खुपसला, आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडलेला त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. परक्या वस्तूला गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना तेथे जन्मली. ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली शिकलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालविते. शरीराला शत्रूची आगाऊ ओळख करून दिली की ते लढावयास सिद्ध होते, हा विश्वास त्या पिढीने जगाला दिला.

मात्र मेचनिकॉव्ह यांच्यासमवेत 1908 चे नोबेल पारितोषिक विभागून घेणारे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांच्या मनात एक शंका विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच डोकावली होती. शरीर जर परक्या पेशींविरुद्ध विषे तयार करू शकते, तर ते स्वतःविरुद्ध का करीत नाही? निसर्गाला आत्मविषाचे भय असले पाहिजे आणि त्याने काही ना काही अटकाव योजला असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. हा अटकाव इतका कडक असेल की आत्मघात संभवतच नाही, असाच समज नंतर बराच काळ प्रचलित राहिला. 1956 च्या सुमारास गळ्यातील अवटु ग्रंथीच्या एका विकारात शरीर आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते, हे सिद्ध झाले आणि या समजाला तडा गेला. अटकाव आहे, परंतु तो मोडू शकतो, हे तेव्हा कळून चुकले. पण तो अटकाव राहतो कोठे?

‘निरुपयोगी’ ग्रंथी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, एक मऊ ग्रंथी असते. बालपणी ती भरदार असते आणि तारुण्यानंतर ती आक्रसत जाते. म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे अन्वर्थक नाव मिळाले. इंग्रजीतले तिचे नाव थायमस. प्रौढांच्या शरीरात ती जवळजवळ दिसेनाशी होते, यावरून ती निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला गेला. एवढ्यावरच हे थांबले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंचा दोष या ‘वाढलेल्या’ ग्रंथीवर ठेवून अमेरिकेत हजारो निरोगी बालकांच्या छातीवर क्षकिरणांचा मारा करण्यात आला. त्यांपैकी काहींना पुढे अवटु ग्रंथीचा कर्करोग जडला. जे कळत नाही ते निरुपयोगी ठरविण्याची घाई किती महाग पडते, याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही.

या ग्रंथीचे खरे कार्य 1961 मध्ये लंडन येथे जाक मिलर या तरुण संशोधकाने दाखवून दिले. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी त्यांनी काढून टाकली. ते उंदीर खंगले, संसर्गांना बळी पडले, त्यांच्या रक्तातील लसीकापेशी घटल्या, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर बसविली असता ती त्यांनी विनातक्रार स्वीकारली. ज्या ग्रंथीला पेशींची स्मशानभूमी समजले जात होते, ती त्यांची पाठशाला निघाली. येथे तयार होणाऱ्या पेशींना थायमसच्या आद्याक्षरावरून ‘टी-पेशी’ म्हणतात. प्रतिपिंडे बनविणारा दुसरा वर्ग, म्हणजे बी-पेशी, हा निराळा आहे, हे 1965 मध्ये मॅक्स कूपर यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखविले. माणसात या बी-पेशी अस्थिमज्जेतच घडतात.

दोन परीक्षा

पाठशाला हा शब्द येथे केवळ अलंकार नाही. अस्थिमज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी या ग्रंथीत येतात आणि येथे प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणू स्वतः घडविते. त्यासाठी ती आपल्या जनुकांचे तुकडे तोडून यदृच्छेने नव्याने जोडते. प्रतिपिंडांच्या बाबतीत ही तोडजोड जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये उघडकीस आणली आणि 1987 चे नोबेल पारितोषिक मिळविले. या यदृच्छेचा लाभ असा, की जगात अद्याप न उद्भवलेल्या जंतूलाही ओळखणारी एखादी पेशी शरीरात आधीच तयार असते. तोटाही तितकाच उघड आहे. आंधळेपणाने घडविलेल्या शस्त्रांत काही शस्त्रे आपल्याच गळ्याला लागणारी असणार.

म्हणून येथे दोन परीक्षा होतात. शरीराच्या पेशी ज्या रेणूंच्या तबकात प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवितात, ते तबक ओळखता येते की नाही, ही पहिली. ज्या पेशीला ते ओळखताच येत नाही ती कुचकामी ठरते आणि मरते. दुसरी परीक्षा याच्या उलट. स्वतःच्या प्रथिनांना जी पेशी घट्ट धरून बसते, तिलाही बहुधा मृत्युदंड मिळतो. स्वादुपिंडातील वा अवटु ग्रंथीतील प्रथिने छातीतल्या या ग्रंथीत परीक्षेसाठी आणतो कोण, हे कोडे होते. ‘एअर’ नावाच्या जनुकामुळे या ग्रंथीतील काही पेशी देहातील नाना अवयवांची प्रथिने स्वतःच बनवून दाखवितात, हे 2002 मध्ये उलगडले. परीक्षेचा निकाल मोठा कठोर असतो. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक पेशी येथून जिवंत बाहेर पडत नाहीत.

परंतु इतकी कडक परीक्षाही निर्दोष नसते. स्वकीयांवर उठू शकणाऱ्या काही पेशी प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात फिरत असतात. मग प्रत्येक जण आजारी का पडत नाही?

बदनाम कल्पनेचा पाठपुरावा

उत्तराचा धागा जपानमधील नागोया येथे होता. निशिझुका आणि साकाकुरा यांनी 1969 मध्ये तीन दिवसांच्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा ते उंदीर मिलर यांच्या उंदरांप्रमाणे नुसते दुबळे झाले नाहीत. त्यांतील माद्यांची बीजांडकोशे नष्ट झाली. पाठशाला बंद केल्यावर सैन्य कमी होण्याऐवजी ते स्वकीयांवर उलटले. म्हणजे या ग्रंथीतून लढणाऱ्यांबरोबर आवरणारेही बाहेर पडत असले पाहिजेत आणि ते किंचित उशिराने निघत असले पाहिजेत. साकागुची यांनी 1980 च्या दशकात हा धागा उचलला आणि तशा उंदरांना जनुकीयदृष्ट्या समान अशा निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचून त्यांचा रोग रोखता येतो, असे दाखविले.

काळ मात्र प्रतिकूल होता. ‘दमनकारी पेशी’ ही कल्पना 1970 च्या दशकात फार गाजली होती. तिच्याविषयी निबंधांचा पूर लोटला होता. त्या पेशींची खूण म्हणून मानलेल्या रेणूचे जनुक गुणसूत्रावर ज्या जागी असावयास हवे, तेथे ते मुळी नाहीच, असे 1980 च्या दशकात आढळले आणि सारा डोलारा कोसळला. त्यानंतर या विषयाचे नाव काढणेही अप्रतिष्ठेचे झाले. साकागुची यांनी तरीही तो सोडला नाही. 1995 मध्ये त्यांनी पृष्ठभागावर विशिष्ट दोन रेणू धारण करणारा टी-पेशींचा एक छोटा वर्ग निराळा काढून दाखविला. तेवढ्या पेशी वगळल्या की उंदराचे शरीर स्वतःवर उलटते, आणि त्या परत दिल्या की शांत होते. याच त्या ‘नियामक टी-पेशी’.

दुसरा धागा अमेरिकेतील ओक रिज येथून आला. किरणोत्साराचे परिणाम तपासण्यासाठी पाळलेल्या उंदरांत 1940 च्या दशकात खवलेदार त्वचेचे आणि सुजलेल्या प्लीहेचे काही नर आपोआप निपजले. ते काही आठवड्यांतच मरत. एक्स गुणसूत्रावरील त्या दोषाचा माग ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी 1990 च्या दशकात काढावयास घेतला. जवळजवळ सतरा कोटी अक्षरांच्या त्या लेखातून शोधाचा पट्टा सुमारे पाच लाखांवर आणला, तेव्हा त्यात वीस जनुके उरली. एकेक करून ती तपासता विसावे जनुक सदोष निघाले. 2001 मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्याला ‘फॉक्सपी-3’ हे नाव मिळाले. हेच जनुक बिघडले की मुलग्यांत आतडी, त्वचा आणि अंतःस्रावी ग्रंथी यांवर शरीर तुटून पडते, असा एक दुर्मिळ आणि घातक रोग होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. 2003 मध्ये दोन्ही धागे जुळले. नियामक पेशींना घडविणारे जनुक ते हेच.

संयमाचाही अतिरेक

तथापि यावरून ‘दमन वाढवा’ असा नवा मंत्र कोणी काढील तर तेही चुकीचेच ठरेल. कर्करोगाच्या गाठी या नियामक पेशींना आपल्याभोवती गोळा करतात आणि त्यांच्या आडोशाने वाढतात. टी-पेशींवरील लगाम सैल केल्यास त्या गाठींवर तुटून पडतात, या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधांनी अनेकांचे आयुष्य वाढविले. पण लगाम सैल होताच काही रुग्णांची आतडी, यकृत वा अवटु ग्रंथी स्वतःच्याच सैन्याच्या तडाख्यात सापडली. ही औषधे अत्यंत महागही आहेत. या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी लक्षणीय होय. डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी औषध इतर स्वस्त औषधांच्या जोडीला दिले असता, एक वर्षानंतर हयात असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. अधिक म्हणजे उत्तम हे समीकरण औषधाच्या मात्रेलाही लागू पडतेच असे नाही.

डेक्सामेथासोनची कहाणीही याच दिशेने संपते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशा करोनारुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. परंतु 2021 च्या दुसऱ्या लाटेत ते सरसकट वापरले गेले, आणि मधुमेह व स्टिरॉइडे यांच्या जोडीने म्युकरमायकोसिसने देशभर हजारोंना गाठले. महाराष्ट्र त्या तडाख्यात अग्रभागी होता. कित्येकांनी डोळा गमावला, कित्येकांनी प्राण. वेळेवर दिलेला लगाम जीव वाचवितो आणि अवेळी दिलेला तोच लगाम दार उघडे टाकतो.

तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या मंत्राचे काय करावयाचे? तो बाटलीवर वाचून विकत घेण्याचे कारण नाही. लस हे काम निराळ्या रीतीने करते. ती सरसकट बळ वाढवीत नाही. एका विशिष्ट शत्रूची ओळख तेवढी पटवून देते, आणि त्यानंतर सैन्य पुन्हा शांत होते. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. बालकाला पुरेसे अन्न मिळाले नाही की यौवनलोपी ग्रंथी अकालीच आक्रसते. जी पाठशाला तारुण्यानंतर मिटावयाची, ती कुपोषणाने बालपणीच मिटते. मग गोवर आणि अतिसार हे रोगही जीवघेणे ठरतात. शहरातील सुखवस्तू घर प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांवर पैसे खर्चीत असता मेळघाटातील मूल तिच्याविना राहते, यातील विसंगती विज्ञानाने दाखवून द्यावी लागत नाही. प्रतिकारशक्ती खरोखर वाढवावयाची असेल, तर ती वाढविण्याची जागा अंगणवाडीचे ताट आणि लसीकरणाचे केंद्र ही आहे.