असईचा हत्ती

जाफराबाद तालुक्यातलं असई हे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं लहानसं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या मराठा फौजेला इथे गाठलं. पुढे केळणेला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. पण दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसताच त्याने ताडलं, की इथे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार. तिथूनच त्याने नदी ओलांडली.

त्याची ही हुशारी इंग्रजी पुस्तकांत फार रंगवलेली आहे. लढले कोण, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीच्या रांगांत बहुसंख्य मद्रासी शिपाई होते. सोबतीला म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे स्वार होते. समोर पोलमन या जर्मन सरदाराच्या कवायती पलटणी होत्या आणि त्यांत अवधकडचे जवान. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, पण हटले नाहीत. कंपनीचे मृत-जखमी १५०० हून अधिक झाले, मराठ्यांचे अंदाजे ६०००. दोन्हीकडचे बहुतेक आपलेच.

कंपनीने इथे लढलेल्या आपल्या पलटणींना ‘असई’ हा युद्धसन्मान आणि निशाणावर हत्ती बहाल केला. स्वतंत्र भारताच्या लष्कराने मात्र देश जिंकून घेणाऱ्या लढायांचे सन्मान त्याज्य ठरवले, त्यांत असईही आली. हत्ती मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही आहे. शिपायाचं शौर्य जपायचं आणि परक्याच्या विजयाचा सोहळा करायचा नाही, हा निवाडा मला फार समंजस वाटतो.

लष्कराने आपला हिशेब मिटवला. गावाचा राहिला आहे. तो कसा मिटवता येतो, याची उदाहरणं आहेत. इंफाळमध्ये जपानी आणि ब्रिटिश फौजांच्या १९४४ च्या लढाईच्या खुणा स्थानिक लोकांनी शोधल्या, सांभाळल्या. २०१९ मध्ये तिथे जपानी मदतीने शांतता संग्रहालय उभं राहिलं. जपानमधल्या ओकिनावात दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईतल्या मृतांसाठी १९९५ मध्ये उभारलेल्या स्मारकशिळांवर तर जपानी, अमेरिकी, कोरियन अशी सगळ्यांची नावं कोरलेली आहेत. शत्रू-मित्र हा भेदच तिथे केलेला नाही.

असईलाही दोन्हीकडच्या मृतांसाठी एक शिळा हवी. त्याआधी करण्यासारखं काम सोपं आहे. जाफराबाद-भोकरदनच्या शिक्षकांनी येत्या २३ सप्टेंबरला मुलांना केळणेच्या काठी न्यावं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून लढाईबद्दल जे जे ऐकायला मिळेल ते वहीत उतरवून घ्यावं.