ॲरिस्टॉटलची कोंबडी आणि आपली चूल

तत्त्वज्ञानाच्या माणसानं सावद्यात उभं राहून चिकन कसं करावं ते सांगायचं, ही जरा गंमतच आहे. ज्यांच्या घरी चिकन चालत नाही त्यांनी रागावू नये. मुद्दा त्यांच्याही ताटाला लागू आहे.

ॲरिस्टॉटलचा 'निकोमॅकियन एथिक्स' हा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या सहाव्या भागात त्यानं चक्क जेवणाचं उदाहरण घेतलंय. हलकं मांस प्रकृतीला चांगलं, हे एखाद्याला माहीत आहे; पण हलकं मांस कोणतं, हे माहीत नाही. असा माणूस कोणालाही बरं करू शकणार नाही. उलट 'पक्ष्याचं मांस चांगलं' एवढंच ज्याला कळतं, तो करू शकेल. नियम पाठ असून भागत नाही, समोरची वस्तू ओळखावी लागते. हेच व्यवहारी शहाणपण.

हा उतारा मी कित्येक वर्षं वर्गात शिकवला. चिकन मात्र कधी शिजवलं नव्हतं. मग आमच्या हिचा पाय मोडला आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: तेल कमी, भाज्या भरपूर, प्रथिनं पुरेशी. कागद बरोबरच होता हो! पण मी कढईपुढे तेलाची बरणी घेऊन उभा. कमी म्हणजे किती? खाटेवरून आवाज आला, "अहो, बरणी ठेवा, चमचा घ्या."

तेव्हापासून चमचा घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली २००० कॅलरींच्या आहारासाठी जे ताट सुचवलं, त्यात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम. चौघांच्या रश्शाला दोन चमचे घातले, तर माणशी सातच ग्रॅम पडतं.

आता कृती. अर्धा किलो चिकन कातडी काढून घ्या. बरीच चरबी कातडीतच असते. नळाखाली धूत बसू नका. शिंतोडे उडून जंतू ओट्यावर पसरतात, आणि मरतात ते नीट शिजल्यावरच. दही, हळद, आलं-लसूण, मीठ लावून अर्धा तास ठेवा. दोन कांदे विस्तवावर भाजा. सुकं खोबरं दोनच चमचे, कोरडं भाजून. त्यातही तेल असतंच. दोन्ही वाटून तेलावर परता, चमचाभर आपला काळा मसाला घाला, मग चिकन. पाच मिनिटं मोठी आच, नंतर कपभर गरम पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. हाडाजवळ गुलाबी राहिलं नाही ना, ते जाड तुकडा मोडून बघा. थंडीत मेथी मिळते. निवडलेली एक जुडी शेवटच्या पाच मिनिटांत घाला. आधी घातली तर तिचा रंगही जातो आणि सत्त्वही. वर लिंबू पिळा.

सोबत भरीत हवंच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. वांगं भाजायला तेल लागत नाही. फोडणीत ओततो ते आपण. जोडीला कळण्याची भाकरी, मुळा, कांद्याची पात. अर्धं ताट भाज्यांचं झालं की नाही?

कोणी म्हणेल, तर्रीशिवाय खान्देशी रस्सा कसला? गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस आहार सांगितलाय: कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट वगैरे. तिथला 'अति' हा शब्द शंकराचार्य भाष्यात त्या प्रत्येकाला जोडून घ्यायला सांगतात. दोष तिखटाचा नाही, अतितिखटाचा आहे. मसाला सोडू नका, मोजा.

ही आता बरी चालते. स्वयंपाक अजून मीच करतो. बरणी मात्र तिच्या हाताशी असते, चमचा माझ्या.