टॉर्चचा सेल आणि त्याचा चार्जर : घ्यायचा कसा, वापरायचा कसा



रब्बीचे दिवस आले की कांद्याला, गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यावं लागतं, आणि शेतपंपाची लाईट बऱ्याच गावांत काही दिवस रात्रीचीच असते. मग दारं धरायला रात्री जायचं. घरचा माणूस बाहेरगावी असला तर आपणच जातो. अशा वेळी हातातला उजेड मध्येच गेला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. बांधावर साप असतो, विंचू असतो, काही भागांत बिबट्याही असतो. उजेड गेला तर नुसती गैरसोय होत नाही, जिवाला धोका असतो.

आपल्याकडे हातातल्या टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेललाही बॅटरीच म्हणतात. आज घोळ नको, म्हणून हातात धरतो ती टॉर्च आणि आत बसतो तो सेल, असं म्हणू. गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी विचारतात, "ताई, कोणताही चार्जर लावला तर चालतो का?" त्याचं उत्तर नाही असं आहे. ते का, ते आज बघू.

आधी आत काय आहे ते बघा

टॉर्चमध्ये चार-पाच जातींचे सेल येतात. दिसायला काही सारखे असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा असतो.

साधा सेल १.५ व्होल्टचा असतो. तो चार्ज करायचाच नसतो. संपला की बदलायचा.

चार्ज होणारा पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो. त्यावर निकेल किंवा एनआय-एमएच असं लिहिलेलं असतं.

जुन्या, जड, हॅण्डलच्या टॉर्चमध्ये चौकोनी डबी असते, ती बहुतेक ४ व्होल्टची शिशाची बॅटरी. मोटारसायकलच्या बॅटरीच्याच कुळातली, फक्त लहान.

आता बाजारात सगळ्यात जास्त आहे तो लिथियम-आयन सेल. त्यावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. गोल सेलवर १८६५० असा आकडा असतो. तो किमतीचा नाही की ताकदीचाही नाही, मापाचा आहे. १८ म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा आहे.

लिथियमचाच एक भाऊ ३.२ व्होल्टचा असतो, लिथियम-फॉस्फेट. त्याचा चार्जर वेगळा.

एक गोष्ट जपायची. १४५०० मापाचा लिथियम सेल अगदी पेन्सिल सेलसारखा दिसतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो. तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर वस्तू जळते. म्हणून आकार बघून सेल घालू नका, व्होल्ट वाचून घाला.

चार्जर काय काम करतो?

नळाखाली हंडा भरताना आपण आधी नळ मोठा सोडतो. पाणी काठाजवळ आलं की बारीक करतो, आणि भरला की बंद करतो. लिथियमचा चांगला चार्जर हेच करतो. सुरुवातीला ठरावीक करंट देतो, सेल ४.२ व्होल्टपाशी आला की करंट कमी कमी करत नेतो आणि मग थांबतो.

फरक एवढाच की हंडा भरला तर पाणी बाहेर सांडतं. सेल बंद असतो, त्यातून सांडायला वाट नाही. ४.२ च्या वर रेटत राहिलं तर आत उष्णता वाढते, सेल खराब होतो आणि कधी पेटही घेतो. म्हणून "थांबणं" हा चार्जरचा सगळ्यात मोठा गुण. शिशाच्या बॅटरीचा किंवा निकेल सेलचा चार्जर लिथियमला कुठे थांबायचं ते ओळखत नाही. तो कधीच लावू नका.

मोबाईलचा अडॅप्टर ५ व्होल्ट देतो. टॉर्चलाच पिनची जागा असेल तर थांबवणारी पट्टी टॉर्चच्या आत असते, म्हणून तिथे साधा ५ व्होल्टचा अडॅप्टर चालतो. पण सेल बाहेर काढून त्याला अडॅप्टरच्या वायरी थेट जोडणं म्हणजे घरात आग आणणं. गावात कोणी असा जुगाड करून देत असेल तरी नको म्हणा.

विकत घेताना

एक, चार्जरवर ४.२ व्होल्ट आणि लिथियम-आयन असं लिहिलेलं हवं. काहीच लिहिलेलं नसेल तर स्वस्त असला तरी ठेवून द्या.

दोन, करंट बघा. सेलवर एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात किती वीज मावते. साधारण त्याच्या निम्मा करंट सेलला सोसतो. २००० एमएएचच्या सेलला १ अँपिअर ठीक. त्याला भरायला अडीच ते तीन तास लागतात. ५०० मिलिअँपिअरचा चार्जर असेल तर साडेचार-पाच तास लागतील. हळू भरलं तर बिघडत नाही, सेलचं भलंच होतं. लहान १४५०० सेलला मात्र १ अँपिअर जास्त होतो.

तीन, दोन किंवा चार सेलचा चार्जर असेल तर प्रत्येक खोबणीला वेगळा दिवा हवा. म्हणजे प्रत्येक सेल आपापला भरतो आणि आपापला थांबतो.

चार, सेल उलटा बसला तरी चार्जर जळणार नाही, अशी सोय आहे का ते दुकानदाराला विचारा.

पाच, सेलवर आणि मोबाईलच्या अडॅप्टरवर बीआयएसची खूण शोधा. सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे, आणि खुणेजवळ आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते बघता येतं. घरातल्या मुलीला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल. पक्कं बिल घ्यायला विसरू नका.

आणि मोठ्या आकड्याला भुलू नका. १८६५० मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचपर्यंतच वीज मावते. त्याच मापाच्या सेलवर ९९०० लिहिलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. फारच हलका लागला तर आत माल कमी आहे, असं समजा.

वापरताना

सेल लावण्याआधी त्याच्या अंगावरचं प्लास्टिकचं वेष्टन बघा. ते फाटलं असेल तर सेल वापरू नका. सेलचं सगळं लोखंडी अंग उणे टोक असतं. त्याला आणि वरच्या टोकाला किल्ली, नाणं, साखळी एकदम टेकली तर सेल क्षणात तापतो. म्हणून सुटा सेल पर्समध्ये किंवा खिशात टाकायचा नाही. प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा.

चार्जिंग फरशीवर किंवा कोब्यावर करा. अंथरुणावर, गोधडीवर, कडब्याजवळ, गॅसजवळ नको. आमच्या भागातल्या एका ताईंनी टॉर्च उशाशी लावली आणि झोपी गेल्या. पहाटे वास आला म्हणून जाग आली, तोवर गोधडीचा कोपरा जळाला होता. मुलं शेजारीच झोपलेली. थोडक्यात निभावलं. म्हणून टॉर्च संध्याकाळी स्वयंपाक करताना लावा आणि झोपण्याआधी काढा. दिवा हिरवा झाला की काढायची सवय ठेवा.

लाईट गेली की चार्जरची पिन काढून ठेवा. येताना कधी कधी लाईट जास्त दाबाने येते, त्यात चार्जर जातो.

टॉर्च पावसात भिजली तर आधी पुसून पूर्ण वाळू द्या, मग लावा. उन्हात तापलेली टॉर्च लगेच लावू नका. ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करायचा नसतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी तेवढं सहज तापतं. तिथे सकाळी किंवा रात्री जेवणाच्या वेळी लावा.

उजेड मंद झाला की चार्ज करा. पार विझेपर्यंत वापरू नका, त्याने सेलचं आयुष्य कमी होतं. "पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नये" हा नियम जुन्या जातीच्या सेलचा होता, लिथियमला तो लागू नाही. टॉर्च बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरून थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक नवा, एक जुना असं घालू नका. दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे असावेत. नाहीतर दुबळा सेल आधी संपतो आणि दुसरा त्याला रेटत राहतो.

विजेच्या बिलाची काळजी नको. २००० एमएएचचा सेल एकदा भरायला, वाया जाणारी वीज धरूनही, साधारण १० वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये तो शंभरएक वेळा भरतो.

सेल बिघडला तर

सेल फुगला, चेपला, त्यातून काही गळलं, वेगळाच वास आला किंवा हाताला चटका बसेल इतका तापला, तर तो पुन्हा लावायचा नाही. चुलीत टाकू नका, उकिरड्यावर फेकू नका, मुलांना फोडू देऊ नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि घराबाहेर कोरड्या जागी ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा दुकानदाराला विचारा किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

चार्जिंग करताना धूर दिसला तर सेलला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मुलांना, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. तो धूर विषारी असतो, त्यात थांबू नका. वीज बंद झाल्यावर, आग लहान असेल तर लांबून भरपूर पाणी ओता. आवरत नसेल तर १०१ किंवा ११२ ला फोन करा.

गटाने काय करावं?

दहा जणींनी दहा हलके चार्जर घेण्यापेक्षा सुट्या सेलच्या टॉर्च वापरणाऱ्यांनी मिळून चार खोबण्यांचा एक चांगला चार्जर घेतला, तर परवडतो. तो एकीच्या घरी ठेवा आणि वहीत नाव, तारीख लिहा. सेलवर मात्र मार्करने ज्याचं त्याचं नाव टाका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली टॉर्च आणि चार्जर आणा. सेल बाहेर निघत असेल तर काढून व्होल्ट वाचा, वेष्टन बघा, चार्जरवर ४.२ लिहिलंय का ते बघा. टॉर्चलाच पिन असेल तर डब्यावर किंवा टॉर्चच्या बुडाला काय लिहिलंय ते वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या सेलबद्दल शंका येईल तो त्याच दिवशी बाजूला काढा, आणि मगच रात्रीच्या पाळीला जा.