एमवायची थैली

सरकारी रुग्णालयाने केसपेपरपोटी घेतलेला रुपया जुन्या नियमाप्रमाणे त्या रुग्णालयाचा नसे. चलन भरून तो कोषागारात जाई आणि राज्याच्या उत्पन्नात मिसळून जाई. वॉर्डातला नळ गळू लागला तर अधीक्षकांनी बांधकाम खात्याला पत्र लिहायचे, खात्याने अंदाजपत्रक करायचे, आणि तोवर खाली बादली ठेवायची. यात कोणीही पैसे खाल्ले नाहीत तरी नळ गळतच राहतो, ही या व्यवस्थेची खासियत. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाने या नियमाला मोठे भगदाड पाडले. होळकरांच्या अखेरच्या महाराजांचे नाव असलेले हे रुग्णालय गावाच्या तोंडी नुसते ‘एमवाय’ आहे.

निमित्त प्लेगचे. १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि गुजरातला लागून असलेल्या माळव्यात लोकांचे लक्ष एमवायच्या उंदरांकडे गेले. उंदीर तिथे पूर्वीपासून होते; त्यांची भीती मात्र नवी होती. त्या वेळचे जिल्हाधिकारी सुधी रंजन मोहंती यांनी रुग्ण दुसरीकडे हलवले, इमारत रिकामी केली, वर्षानुवर्षे साचलेला कचरा ट्रकांतून बाहेर काढला, हजारो उंदीर मारले. लोकांनी वर्गणी दिली. मग प्रश्न उरला तो रोजचा. झाडूवाला, फिनेल, दुरुस्ती यांचा खर्च पुढे कोणी आणि कशातून करायचा?

त्याचे उत्तर म्हणून रोगी कल्याण समिती उभी राहिली. महाराष्ट्रात आपण तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतो. कागदावर ती एक नोंदणीकृत संस्था. तिच्यात लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर आणि गावातले देणगीदार. तिने माफक शुल्क घ्यावे, देणग्या घ्याव्यात, आवारातली जागा दुकानांना भाड्याने द्यावी, सफाईसारखी कामे कंत्राटाने करून घ्यावीत. आणि मुख्य म्हणजे जमलेला पैसा कोषागारात न पाठवता तिथेच, त्याच रुग्णालयावर खर्च करावा. गरिबांना शुल्क माफ. दिग्विजय सिंह सरकारने ही पद्धत मध्य प्रदेशभर नेली. २००० साली टोकियोत तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा पुरस्कार मिळाला. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर लावली: जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला ५ लाख, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला १ लाख.

टीका शुल्कावर झाली, आणि ती रास्त होती. माफी कागदावर असते. दारिद्र्यरेषेचे कार्ड घरी विसरलेला माणूस मात्र खिडकीवर गरीब ठरत नाही. माझ्या मते खरी खोट दुसरीकडे होती. समितीला थैली मिळाली, पण ती छोटी. डॉक्टर-परिचारिकांचे पगार, रिक्त पदे, बदल्या, औषधखरेदीचा मोठा भाग, सगळे राजधानीच्या हातात राहिले. सुईणीचे पद तीन वर्षे रिकामे असले तरी समिती फार तर भिंत रंगवू शकते. शिवाय धडाडीचा जिल्हाधिकारी असेपर्यंत बैठका होतात. तो बदलून गेला की पुढचा साहेब आपली वेगळी मोहीम घेऊन येतो. साहेबांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणेचे आयुष्य बहुधा त्यांच्या बदलीच्या हुकमापर्यंतच असते.

याचा हिशेब २०२५ साली झाला. ऑगस्टच्या अखेरीस एमवायच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळे दगावली. मृत्यू उंदरांमुळे नव्हे, जन्मजात व्यंग आणि इतर गुंतागुंतीमुळे झाले, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ज्या शहराने २०१७ पासून सलग आठ वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक पटकावला, त्याच शहरातली ही गोष्ट. रस्ते रोज झाडले जातात, कारण न झाडलेला रस्ता सकाळीच सगळ्यांना दिसतो आणि कोणाला विचारायचे हे ठरलेले असते. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता नगरसेवक फिरकत नाही.

उंदीर मारण्याचे काम तिथे कंत्राटावर होते. कंपनीला दंड झाला, पण सुरुवातीच्या निलंबनाची कुऱ्हाड पडली ती परिचारिकांवर. वरिष्ठांची पाळी नंतर आली. बिळे बुजवण्याचे कंत्राट कोणाला द्यायचे, काम नीट झाले का, पैसे अडवायचे का, यातले काहीही परिचारिकेच्या हाती नसते. दोष मात्र तिच्या ड्यूटीवर नोंदवता येतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सारे मोफत झाले. मला हा निर्णय योग्य वाटतो. आजारी माणसाच्या खिशातून रुग्णालय चालवणे मुळातच चूक होते. पण शुल्काचा आधार गेल्यावर समितीची भिस्त वरून येणाऱ्या अनुदानावरच राहते. ते वर्षाच्या सुरुवातीला हाती आले तर ठीक. मार्चअखेरीस आले तर खुर्च्या घेतल्या जातात, कारण खुर्च्यांची निविदा लवकर निघते.

तेव्हा अनुदान एप्रिलमध्ये द्यावे, आणि सफाई, धुलाई, कीटकनाशक फवारणी या कंत्राटांचे महिन्याचे बिल त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या सहीशिवाय मंजूर करू नये. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. समितीचा एक ठराव आणि तो मानणारा लेखापाल पुरतो. काम झाले नाही तर सिस्टरने सही नाकारावी, आणि तिने ती नाकारली म्हणून तिची बदली झालीच, तर बदलीचे कारण समितीच्या इतिवृत्तात लिहावे लागावे.