ब्युरेटमध्ये दिसेल तेच लिहा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी ब्युरेट धुवायला शिकवते. ब्युरेट म्हणजे 50 मिलिलिटरची, खाली तोटी असलेली, अंगावर बारीक रेघा आखलेली काचेची उभी नळी. ती आधी नळाच्या पाण्याने धुवायची, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि शेवटी जे द्रावण भरायचे आहे त्याच द्रावणाने खळबळून घ्यायची. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. त्यात द्रावण घालून खळबळायचे नाही. हे सांगून झाले की मी विचारते, "असे का?" वर्ग गप्प होतो, आणि तिथून आमचे रसायनशास्त्र सुरू होते.

उत्तर सोपे आहे, पण ते स्वतः शोधावे लागते. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर आतले द्रावण पातळ होते आणि रीडिंग जास्त येते. फ्लास्कमध्ये आपण पिपेटने मोजून 10 मिलिलिटर द्रावण सोडलेले असते. त्यात पदार्थ किती आहे हे तेव्हाच ठरून जाते. आत पाण्याचे चार थेंब असले तरी पदार्थ तेवढाच राहतो. पण फ्लास्क त्या द्रावणानेच खळबळला, तर भिंतीला चिकटलेल्या थेंबांतून न मोजलेला पदार्थ आत येतो. एकाच टेबलावरची दोन भांडी दोन रीतींनी धुवायची, आणि त्यामागचे कारण सांगता आले पाहिजे. पदवीच्या अभ्यासात यापुढे जे काही येते, ते याच जातीचे असते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडची बहुतेक मुले ऊसकऱ्यांच्या, दूधवाल्यांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरची. दहावीपर्यंत बरीचशी मराठी माध्यमात शिकलेली. दर जूनमध्ये पालक येतात आणि एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, मेडिकलला नंबर लागला नाही. केमिस्ट्री घेऊन पुढं काय?" नोकरीचे उत्तर मी खाली देते. पण त्याआधी या तीन-चार वर्षांत मूल नेमके काय शिकते, ते घरच्यांनाही कळले पाहिजे.

चार शाखा, एक टेबल

रसायनशास्त्राच्या पदवीत मुख्यतः चार शाखा येतात. असेंद्रिय रसायनशास्त्रात मूलद्रव्ये, धातू, क्षार आणि त्यांचे रंग. सेंद्रिय रसायनशास्त्रात कार्बनची संयुगे: औषधे, रंगद्रव्ये, प्लॅस्टिक, सुगंध. भौतिक रसायनशास्त्रात अभिक्रिया किती वेगाने होते, किती उष्णता देते, कुठे थांबते, याचे गणित. आणि वैश्लेषिक रसायनशास्त्रात समोरच्या नमुन्यात काय आहे आणि किती आहे, याचा शोध.

मुलांना सर्वांत जड जाते ते भौतिक. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेले असते आणि इथे विकलन, संकलन, लॉगॅरिथम समोर उभे राहतात. त्यांना मी मिथाइल अॅसिटेटचा प्रयोग लवकर करायला लावते. हे एस्टर आम्लाच्या सान्निध्यात पाण्याबरोबर हळूहळू विघटित होते आणि अॅसिटिक आम्ल तयार होते. ठरावीक वेळाने 5 मिलिलिटर मिश्रण काढायचे, अभिक्रिया मंदावावी म्हणून लगेच बर्फाच्या पाण्यात सोडायचे आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून द्रावण थेंब थेंब सोडून मोजणी, करायचे. शिल्लक एस्टरचा लॉगॅरिथम काढून वेळेसमोर मांडला की आलेखावर सरळ रेघ उतरते. त्या रेघेच्या उतारावरून अभिक्रियेचा वेग-स्थिरांक मिळतो. फळ्यावर भीती घालणारे समीकरण स्वतःच्या आकड्यांतून सरळ रेघ होऊन आले, की गणिताशी वैर बरेच कमी होते.

सेंद्रियमध्ये आम्ही अॅस्पिरिन करतो. सॅलिसिलिक आम्ल आणि अॅसिटिक अॅनहायड्राइड घ्यायचे, सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे, गरम करायचे, थंड पाण्यात ओतायचे. पांढरे स्फटिक खाली बसतात. ते शुद्ध आहेत का? थोडे स्फटिक घेऊन त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकायचा. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल अजून शिल्लक आहे, पुन्हा स्फटिकीकरण करा. रंग आला नाही, आणि वितळणबिंदू सुमारे 135 अंश सेल्सियस आला, तर काम जमले. डोकेदुखीची गोळी आयुष्यभर पाहिलेल्या मुलाला त्या दिवशी कळते, की पदार्थ बनवणे हे अर्धे काम असते. तो तोच आहे आणि शुद्ध आहे हे सिद्ध करणे, हे उरलेले अर्धे.

घरच्या पाण्याची परीक्षा

एक प्रयोग मात्र मी जरा जास्त वेळ देऊन करून घेते. पाण्याचा कठीणपणा मोजायचा, आणि पाणी प्रत्येकाने आपल्या घरून आणायचे. कुणी विहिरीचे आणते, कुणी बोअरचे, कुणी नळयोजनेचे.

50 मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचे. अमोनियाचे बफर द्रावण घालून सामू 10 च्या आसपास आणायचा. मग एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची अगदी कणभर पूड टाकायची. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असले की रंग वाइनसारखा लाल होतो. आता ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडायचे. ईडीटीएचा रेणू धातूच्या आयनाला सगळीकडून वेढून धरतो. मोकळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपले की तो दर्शकाशी बांधलेला धातूही ओढून घेतो आणि दर्शक एकटा पडतो. लालातून जांभळट छटा येते. इथे हात आवरायचा, फ्लास्क फिरवत राहायचा, एक थेंब, पुन्हा एक थेंब. शेवटच्या थेंबाला रंग स्वच्छ निळा होतो. तोटी बंद. डोळा द्रावणाच्या पातळीला आणून खालच्या वक्राचे रीडिंग घ्यायचे.

हिशेब असा. या ईडीटीएचे 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समजा, रीडिंग 18.4 आले. 50 मिलिलिटर पाण्यात 18.4 मिलिग्रॅम, तर लिटरला 368. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. एका मुलीच्या घरच्या बोअरचा आकडा असाच वरचा आला. वहीत लिहिता लिहिता ती म्हणाली, "म्हणून आमच्यात डाळ शिजत नाही व्हय मॅडम!" अगदी बरोबर. कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, म्हणून दाणा मऊ होत नाही. तेच कॅल्शियम साबणाशी न विरघळणारा साका करते, म्हणून फेस येत नाही, आणि बंबाच्या आत पांढरा थर धरते. ज्या गोष्टीबद्दल घरात आजवर नुसती कुरकूर होती, तिला त्या दिवशी आकडा मिळाला.

जर्नल आणि सचोटी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. टायट्रेशनमध्ये तीन रीडिंग घेतात आणि ती जुळली पाहिजेत. यातून एक वाईट चाल पडते. पहिले रीडिंग घ्यायचे आणि पुढची दोन नुसती लिहून टाकायची. किंवा मागच्या वर्षीचे कुणाचे तरी जर्नल, म्हणजे प्रयोगवही, समोर ठेवून तिथले उत्तर येईल असे आकडे बसवायचे. मुले याला "रीडिंग जुळवणे" म्हणतात. अनेक ठिकाणी हे चालते आणि मार्कही मिळतात.

मी यावर फार कडक आहे. 18.4, 18.4 आणि 18.9 आले तर 18.9 लिहायचेच, आणि चौथे रीडिंग घ्यायचे. मग 18.9 का आले ते शोधायचे. ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा होता का? शेवटी घाईने दोन थेंब जास्त पडले का? पोटॅशियम परमँगनेटसारखे गडद द्रावण असेल तर वरचा वक्र वाचायचा असतो. एकदा वरचा आणि एकदा खालचा वाचला का? चुकलेल्या आकड्यातून हात सुधारतो. बसवलेल्या आकड्यातून काहीच शिकता येत नाही.

हीच सवय पुढे पोटापाण्याला उपयोगी पडते. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोंद त्याच वेळी, शाईने करायची असते. चूक झाली तर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणे नाही, वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवणे नाही. तपासणीला आलेले निरीक्षक या नोंदी बारकाईने पाहतात, कारण त्या आकड्यावर विसंबून कुणीतरी गोळी गिळणार असते. कॉलेजात तीन वर्षे आकडे बसवलेल्या मुलाला ही शिस्त एका रात्रीत येत नाही.

पुढे काय?

तर पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. बी.एस्सी. नंतर मुले औषध, रंग, खते आणि रसायनांच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोल किंवा उत्पादन विभागात लागतात. आपल्याकडे कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर इथल्या औद्योगिक वसाहती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. साखर कारखान्यांत लॅब केमिस्ट लागतो, आणि पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पाळ्या असतात, हे मी लपवत नाही. एम.एस्सी. केली तर वाट रुंदावते. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते: 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांच्या पदवीला चौथ्या वर्षाची ऑनर्सची जोड दिली आहे. ज्याला संशोधनात जायचे आहे त्याने ते चौथे वर्ष जरूर करावे.

आणि या पदवीला कमी लेखणाऱ्यांना मी कमला सोहोनींची आठवण करून देते. माहेरच्या कमला भागवत 1933 मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळाला, त्यांनी काम करून दाखवले, आणि त्यानंतर तिथे मुलींना दार उघडले. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी नीरा, कडधान्ये अशा साध्या माणसांच्या अन्नाच्या पोषणमूल्यांवर काम केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. त्याही सुरुवातीला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्याच विद्यार्थिनी होत्या.

म्हणून पालकांना माझे एक सांगणे आहे. कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नका, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. एका बॅचमध्ये मुले किती? प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट मिळते का? एक्झॉस्ट पंखा चालतो का, नळाला पाणी आहे का, मुले अॅप्रन आणि गॉगल घालतात का? शक्य झाले तर मागच्या वर्षीचे एखादे जर्नल मागून पाहा. सगळी रीडिंग तंतोतंत जुळलेली आणि एकही खाडाखोड नसेल, तर जपून. आणि एका रेघेने खोडलेला आकडा, शेजारी सही आणि खाली चौथे रीडिंग दिसले, तर तिथे मुलाचे नाव निर्धास्त घाला.