मूठभर मेथी आणि रेडिओ

मेथीचा वाफा पेरताना पाहिलाय कधी? मुठीत बी घ्यायचं, मनगटाला एक झटका द्यायचा, की दाणे वाफाभर विखुरतात. पाभरीच्या सरळ ओळी नाहीत, कुठला दाणा कुठे पडला याची चौकशी नाही. आपण याला बी फोकणं म्हणतो. इंग्रज शेतकरी याला काय म्हणायचा, सांगू? ब्रॉडकास्ट!

होय, तोच शब्द. ब्रॉड म्हणजे ऐसपैस आणि कास्ट म्हणजे फेकलेलं. अठराव्या शतकात तो बियाण्यांचा शब्द होता, मायक्रोफोन कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मग बिनतारी संदेश आले आणि त्यांच्यासोबत एक डोकेदुखी. संदेश पाठवायचा एकाला, पण ऐकू यायचा कुणालाही! जहाजाने किनाऱ्याला काही कळवावं, तर मधे भलताच कुणी कान लावून बसलेला. पुढे लक्षात आलं की ही खोड नाहीच, खरी गंमत इथेच आहे. कोण ऐकतंय याची फिकीर न करता आवाज भिरकावून द्यायचा. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या घरी तो उगवेल. या करामतीला नाव शेतातच तयार होतं. १९२२ मध्ये लंडनला ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली आणि १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र बोलू लागलं.

आणि आपण मराठीत काय म्हणतो? प्रक्षेपण. त्यात क्षिप् धातू आहे, म्हणजे फेकणंच. बी गेलं, पण मनगटाचा झटका तसाच राहिला!

ब्रॉडकास्टला पब्लिशची भावकी समजत असाल, तर जरा थांबा. पब्लिशच्या मुळाशी लॅटिनमधलं पुब्लिकारे आहे, सार्वजनिक करणं. रोमन लोक हेच क्रियापद एखाद्याची मालमत्ता सरकारजमा करण्यासाठीही वापरत. म्हणजे काल जे तुमचं होतं, ते आज सगळ्यांचं. (लेखकांना ही कल्पना फार परकी वाटणार नाही.) आता या ‘सगळ्यां’मध्ये किमान किती माणसं लागतात? हजार? शंभर? बदनामीच्या कायद्याला विचारा. तुम्ही शेजाऱ्याला बंद पाकिटातून शिव्या घातल्या आणि पत्र फक्त त्यानेच वाचलं, तर ते पब्लिश झालं नाही. तेच पत्र तुम्ही आणखी एकाच माणसाला दाखवलंत, तर झालं! छापखाना नको, दुकान नको. एक तिसरा माणूस पुरतो.

गॅझेटची कुळकथा वेगळीच. गझेता हे व्हेनिसचं एक किरकोळ नाणं. सोळाव्या शतकात तिथे बातम्यांचे कागद विकले जात आणि नाण्याचं नाव कागदाला चिकटलं, असं मानतात. चहाला आपण ‘कटिंग’ म्हणतो, तसंच काहीसं. १६६५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी पत्राने हे नाव घेतलं आणि चिल्लर एकदम दरबारी झाली. आज आपल्याकडे नाव बदललेला माणूस ‘गॅझेट झालं का?’ म्हणून विचारत असतो, तेव्हा तो नकळत व्हेनिसच्या सुट्ट्या पैशांची चौकशी करत असतो.

डायव्हल्जमध्ये वुल्गुस आहे, म्हणजे आम जनता. एके काळी त्याचा अर्थ चारचौघांत सांगणं एवढाच होता. आता तो फक्त गुपितासाठी राखून ठेवलेला. सभेची वेळ कुणी डायव्हल्ज करत नाही. आजीच्या मसाल्याचं प्रमाण मात्र करतात, तेही फार गळ घातल्यावर.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो बॅन. बॅन म्हणजे बंदी, हे शाळकरी पोरही सांगेल. मग चर्चमध्ये लग्नाआधी जे ‘बॅन्स’ वाचतात ते काय? लग्नाला बंदी? छे! अमुक मुलगा आणि तमुक मुलगी लग्न करणार आहेत, कुणाची हरकत असेल तर बोला, अशी ती जाहीर घोषणा. बॅनचा जुना अर्थच हा, पुकारा करणं. राजाचे पुकारे बहुतेक ‘हे करू नका’ असेच असल्यामुळे पुकारा आटला आणि मनाई उरली. ज्याच्या नावाने असा पुकारा झाला तो इटालियनमध्ये बँदितो, आणि इंग्रजीत बँडिट!

‘बंदी’ आणि ‘बॅन’ कानाला सख्खे वाटतात, पण नाहीत. बंदी बांधण्याच्या कुळातली. बॅनचं मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत जातं, त्याचा अर्थ बोलणं. त्याच धातूची एक फांदी संस्कृतात भन्, भण् अशी आली, प्राकृतातून घासत घासत मराठीत उतरली आणि आज आपण ती दिवसातून शंभरदा उच्चारतो. कोणती?

म्हणणे.

म्हणजे ‘हे पुस्तक बॅन करा’ असं जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा एकाच वाक्यात दोन चुलत भाऊ शेजारी बसलेले असतात. आणि त्यांना एकमेकांची ओळखही नसते.